बियांपासून दवबिंदू: बोडीच्या पाळीवरची कीटकभक्षी वनस्पती घरच्या डब्यात उगवायची आहे

बोडीकाठची | ८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी धानाची शेती आहे आणि शेताला लागून आमची बोडी, म्हणजे लहान तळं, आहे. माझी मुलगी सातवीत शिकते. मोबाईलवर तिने जबडा मिटून माशी पकडणारी वनस्पती पाहिली आणि 'आई, आपण ही बियांपासून उगवू' म्हणून मागे लागली. ते बी मागवायचं की नाही हा विचार चालू असतानाच मागच्या वर्षी हलका (लवकर येणारा) धान कापून झाल्यावर बोडीच्या पाळीखाली, म्हणजे तिच्या मातीच्या बांधाखाली, मला काहीतरी लाल दिसलं. तिथे पाणी झिरपत राहतं, माती मुरमाड आणि पांढरट रेतीची, गवतही धड येत नाही. वाकून पाहिलं तर रुपयाच्या नाण्याएवढं, जमिनीला चिकटून पसरलेलं झाड. पानं चमच्यासारखी. प्रत्येक पानाच्या कडेला लाल केस आणि केसाच्या टोकावर पाण्याचा थेंब. दुपारचे दोन वाजले होते, बाकी सगळं दव केव्हाच वाळलं होतं, पण हे थेंब तसेच होते. बोट लावलं तर चिकट तार निघाली. एका पानावर चिलट अडकलं होतं आणि कडेचे केस त्याच्यावर वळून आले होते.

सासूबाईंनी पाहिलं तेव्हा म्हणाल्या, हे तर लहानपणापासून पाहतो, गुरं तोंड लावत नाहीत. नाव मात्र त्यांना माहीत नव्हतं. पुढे मला कळलं की हे ड्रॉसेरा, म्हणजे दवबिंदू.

मागच्या वर्षीच मी त्याच्या वाळक्या बोंडांतून बी काढून कुंडीत पेरलं. पालक-मेथी टाकतो तशी वरून बोटभर माती लोटली, विहिरीचं पाणी देत राहिले. दोन महिन्यांत एकही उगवलं नाही. या वर्षी पुन्हा बोंडं पिकायला आली आहेत. माझं कुठे चुकलं ते सांगा. ही संधी गेली तर पुन्हा वर्षभर थांबावं लागेल.

गेंदफूल | ८ नोव्हेंबर, रात्री १०:५५

ताई, आधी एक सांगा. झाड जमिनीला चिकटलेल्या गोल चक्रीसारखं आहे की बारीक, उभं, गवताच्या पात्यासारखी लांब पानं असलेलं? आणि फूल पांढरं की गुलाबी?

भारतात ड्रॉसेराच्या मुख्यतः तीन जाती सांगितल्या जातात. आपल्या पूर्व विदर्भात त्यातल्या दोन भेटतात. चपटी चक्री, चमच्यासारखी पानं, पांढरं फूल असेल तर ड्रॉसेरा बर्मानी. उभं झाड, सुतळीसारखी पानं, गुलाबी फूल असेल तर ड्रॉसेरा इंडिका, ज्याला गवती दवबिंदू म्हणतात. तिसरी जात पेल्टाटा, ती डोंगराळ भागातली. मी गडचिरोली जिल्ह्यात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दरवर्षी ऑक्टोबरात मुलांना धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे खाचरांकडे, न्यायचो. कासच्या पठारावर लोक तिकीट काढून जे पाहतात, त्यातलं बरंच आपल्या बांधावर उगवतं हे पाहून मुलं हरखून जायची.

बोडीकाठची | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

सर, आत्ता जाऊन पाहून आले. चपटी चक्रीच आहे. मधून बोटापेक्षा थोडी लांब दांडी निघालेली, तिच्यावर खालून वर ओळीने बोंडं. वर टोकाला एक-दोन पांढऱ्या कळ्या अजून शिल्लक आहेत. फोटो खाली लावला आहे.

गेंदफूल | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

बर्मानीच. छान. बियांपासून उगवायला सोप्या जातींपैकी ही एक आहे, म्हणून नाउमेद होऊ नका.

तुमची पहिली चूक बी झाकण्याची. हे बी धुळीसारखं असतं. मेथीच्या दाण्यात पहिली पानं वर येईपर्यंत पुरेल एवढी शिदोरी असते, या बियात ती जवळजवळ नसते. मातीखाली गेलं की त्याला वर येण्याची ताकद नाही. शिवाय त्याला रुजायला उजेड लागतो. म्हणून मातीच्या वर नुसतं भुरभुरायचं, वरून काहीही टाकायचं नाही, बोटाने दाबायचंही नाही.

दुसरी चूक विहिरीचं पाणी. ही झाडं अशा जागी वाढली आहेत जिथे मातीत नत्र नाही, स्फुरद नाही, क्षार नाहीत. पावसाच्या आणि झिरप्याच्या पाण्याने सगळं धुऊन नेलेलं. म्हणून तर किड्यातून नत्र घ्यायची वेळ आली. त्यांच्या मुळांना कसदार माती आणि जड पाणी सोसत नाही. पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आत असावेत. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम.

खारपाणपट्टा | ९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

ताई, तुमचं वाचून मले माही गोष्ट सांगाविशी वाटली. मी अकोला जिल्ह्यातला, पूर्णेच्या काठचा. मांगच्या साली पोराच्या हट्टापाई त्या जबडेवाल्या झाडाचं बी ऑनलाईन मागवलं. पाकिटात वीस दाणे. पाह्यले त सब्जासारखे. कुंडीत टाकले, पंधरा दिवसांत भराभर उगवले. पोरगं रोज सकाळी उठलं की पयले कुंडीपाशी जाये. महिन्याभरानं पान चुरगळून पाह्यलं त तुळशीचा वास. पैशाचं काही नाही, पन पोराचं तोंड पाहून जीव तुटला. पाकीट विकनाऱ्यानं त्याच्यानंतर काही उत्तरच देल्लं नाही.

मंग नागपुरातून एक खरं रोप आनलं. ते आमच्या बोअरच्या पान्यानं दोन महिन्यांत गेलं. मातीवर पांढरी साय चढली होती. नंतर मीटर घेऊन पान्याचा टीडीएस पाह्यला, १८०० च्या वर. सर ५० म्हनून रायले, आमच्या इकडं हे जमन काय?

कुंडीतलं रान | ९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

खारपाण भाऊ, जमेल. गावोगावी आता आरओचं पाणी भरून मिळतं, ते मीटरने मोजून घ्या. पुष्कळदा ३० ते ८० च्या दरम्यान असतं, पण काही ठिकाणी चवीसाठी त्यात क्षार परत मिसळतात, म्हणून मोजल्याशिवाय देऊ नका. आणि पावसाळ्यात टिनाच्या छताखाली ड्रम ठेवा. पहिले एक-दोन पाऊस छत धुऊन जाऊ द्या, मग धरा.

मी वर्धा जिल्ह्यात राहतो. आठ वर्षांपासून ही झाडं लावतो. फसव्या बियांबद्दल लिहितोच, कारण दर महिन्याला कोणीतरी फसतं. त्या जबडेवाल्या झाडाचं, म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅपचं, खरं बी काळं, चकचकीत आणि एका टोकाला निमुळतं, पाण्याच्या थेंबासारखं असतं. निळं, लाल, जांभळं फ्लायट्रॅप म्हणून जे चित्र पाकिटावर असतं ते संगणकावर रंगवलेलं असतं. खरं बी मिळालं तरी पूर्ण वाढलेलं झाड व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात. शिवाय ते झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीच्या दलदलीचं. त्याला दरवर्षी तीन-चार महिने गार विश्रांती लागते. आपल्याकडे जानेवारीतही दुपार २८ अंशांची असते आणि मे महिन्यात ४५. मी दोनदा वाढवलं, दोन्ही वेळा तिसऱ्या उन्हाळ्यात गेलं. सारासेनियाचं, म्हणजे अमेरिकन सुरईच्या झाडाचं, बी ओल्या मॉसमध्ये (शेवाळात) गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय सहसा उगवत नाही. मेघालयातल्या घटपर्णीला, नेपेन्थेस खासियानाला, ऊब चालते पण बारा महिने दमट हवा हवी. त्यात नर आणि मादी झाड वेगळं, आणि बी ताजं असेल तरच रुजतं.

हे सगळं करून मी अखेर बर्मानीपाशी आलो, आणि बोडीकाठच्या ताईंकडे तर ती घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

पेरायची रीत माझी अशी. डबा प्लास्टिकचा घ्या, खाली भोकं पाडा. श्रीखंडाचा, आइस्क्रीमचा कोणताही चालतो. सिमेंटची कुंडी नको, तिच्यातून चुना उतरतो. आत अर्धं पीट मॉस (दलदलीत कुजून साठलेलं शेवाळ, ते पिशवीत विकत मिळतं), अर्धी जाड रेती. पीट घेताना पिशवीवर वाचा, पुष्कळ पिशव्यांत खत मिसळलेलं असतं, तसलं घेऊ नका. रेती पाणी नितळ येईपर्यंत धुवा. चमचाभर रेतीवर व्हिनेगर टाकून पाहा, फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती टाकून द्या. डबा ताटलीत ठेवायचा आणि ताटलीत बोटाच्या एका पेराएवढं पाणी सतत ठेवायचं. वरून पाणी ओतायचं नाही, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. वर कापलेली पारदर्शक बाटली उपडी झाकायची. सकाळचं ऊन मिळेल अशी जागा.

बोडीकाठची | १० नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

पाण्याचा उलगडा झाला. गावात आरओचं पाणी मिळतं, मीटर मात्र मागवावा लागेल. पीट मॉस गोंदियात मिळालं नाही. नात्यातलं एक जण नागपूरला आहे, त्यांना सांगितलं. कोकोपीट मात्र सगळीकडे आहे, ते चालेल का? आणि सर, पाळीखालचीच माती आणून तिच्यात पेरलं तर? झाड तिथे सुखानं राहतं म्हणून विचारते.

गेंदफूल | १० नोव्हेंबर, रात्री ८:१०

कोकोपीटमध्ये मीठ असतं. चार-पाच वेळा आरओच्या पाण्यात भिजवून पिळून काढाल तर कदाचित. पाळीची माती मला आवडलेली कल्पना आहे. पण जिथे झाडं उभी आहेत तिथली खरवडू नका, त्यात पुढच्या वर्षीचं बी पडलेलं आहे. चार हात बाजूची घ्या, आणि बांधीतली तर अजिबात नको, तिच्यात युरिया आहे.

बी घेतानाही एक विनंती. दर झाडाची दोन-तीन बोंडंच घ्या, बाकी तिथेच झडू द्या. झाड उपटून आणण्याचा मोह करू नका. याची मुळं चार बारीक धाग्यांएवढी, उपटलेलं झाड क्वचितच जगतं. शिवाय ते तसंही एका हंगामाचंच आहे.

हे जरा उलगडून सांगतो. परदेशातल्या पुष्कळ कीटकभक्षी वनस्पती वर्षानुवर्षं जगतात, म्हणून त्यांना आपला उन्हाळा झेपत नाही. बर्मानीने आपल्या उन्हाळ्याशी झुंजायचं नाही असंच ठरवलेलं आहे. पावसात उगवायचं, थंडीत फुलायचं, आणि माती तापायच्या आत बी होऊन पडायचं. एप्रिल-मे मध्ये त्या पाळीखालची जमीन तव्यासारखी तापते, तिला भेगा जातात. झाड तिथेच असतं, पण धुळीच्या कणाएवढं. विदर्भात कीटकभक्षी वनस्पती वाढवायची तर बियांपासूनच, असं मी जे मुलांना सांगायचो त्याचं कारण हे. आपल्या हवामानात बी हाच या झाडाचा टिकाऊ भाग आहे.

कुंडीतलं रान | १० नोव्हेंबर, रात्री १०:००

सर, तुमचं पटतं, पण मग ताईंनी आत्ता पेरावं की जूनमध्ये? मी हिवाळ्यात पेरतो आणि मला फळतं.

गेंदफूल | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:००

मी जून म्हणेन. निसर्गाचा तोच हंगाम आहे. गवती दवबिंदूचं बी तर मी ताजं पेरून कधीच उगवताना पाहिलं नाही, उन्हाळा खाल्ल्यानंतरच ते जागं झालं. बर्मानीचं ताजं बी उगवतं हे मान्य, पण थंडीत वेळ लागेल.

कुंडीतलं रान | ११ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

पण जूनमध्ये शेवाळ आणि बुरशी किती त्रास देते. हिवाळ्याची हवा कोरडी, रोपं निरोगी राहतात. ताई, अर्धं आत्ता पेरा, अर्धं कागदाच्या पुडीत ठेवा. दोघांचंही होऊन जाईल.

बोडीकाठची | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

आज पेरणी झाली. बोंडं वाळून तपकिरी झाली होती, तोंडं उघडलेली. मुलीने पांढऱ्या कागदावर दांडी आडवी धरली आणि बोटाने टिचकी मारली. कागदावर काळी पूड पडली. खसखस या बियापुढे मोठी वाटावी एवढं बारीक. पंखा बंद केला, दार लावलं, श्वाससुद्धा बाजूला सोडत होतो. कागदाला मधोमध घडी घालून घडीतून टिचक्या मारत बी पसरवलं. तिला म्हटलं, धानाचे पऱ्हे (रोपांसाठीचं बी) टाकताना हात कसा सारखा फिरतो तसा फिरव.

तीन डबे केले आहेत. पहिला पीट आणि वैनगंगेची धुतलेली रेती. दुसरा पाच पाण्यांनी धुतलेलं कोकोपीट आणि रेती. तिसरा पाळीखालची माती, जशीच्या तशी. आरओचं पाणी मीटरने ३४ दाखवतं. उरलेलं बी पुडीत बांधून, पुडी डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं.

रानवेडी | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:००

मी चंद्रपूरची, शांतपणे वाचत होते. एक विचारू? या झाडांनी घरातले डास कमी होतील का? आमच्याकडे फार आहेत.

कुंडीतलं रान | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

नाही ताई. एवढ्याशा झाडात चिलटं, बारीक मुंग्या, फार तर एखादा डास अडकेल. डासांसाठी साचलेलं पाणी उपसणं हाच उपाय. आणि हो, या डब्यांच्या ताटलीतलं पाणीही दर तीन-चार दिवसांनी पूर्ण ओतून नवं घाला.

बोडीकाठची | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

उगवलं! आज चोविसावा दिवस. मुलगी शाळेचे कपडे घालून डबे बघायला गेली आणि तिथूनच ओरडली. पहिल्या डब्यात हिरवे टिपके आहेत. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक टिपक्याला दोन पानं, मोहरीच्या दाण्याच्या चतकोराएवढी. ती साधीच आहेत, थेंब नाही. दुसऱ्या-तिसऱ्या डब्यात अजून काही नाही.

गेंदफूल | १० डिसेंबर, सकाळी ९:००

ताई, फार आनंद झाला. ती पहिली दोन बीजपत्रं, त्यांच्यावर केस नसतात. तिसरं पान पाहा. केवढंही असलं तरी ते चिकट असणार. मुलीला भिंग घेऊन रोज एक रोप काढायला सांगा, वहीत चित्र. बाटली आता रोज थोडी-थोडी उघडी ठेवत जा, एकदम काढू नका.

बोडीकाठची | २९ डिसेंबर, रात्री ९:१५

वहीतले आकडे मुलीचेच लिहिते. पीट-रेतीच्या डब्यात ४१ रोपं. पाळीच्या मातीत १३, पण त्यांच्यासोबत गवत उगवलं आणि पाणथळ जागी येणाऱ्या गेंदाची दोन झाडंही आली. गवत कात्रीने कापते, उपटलं तर शेजारची रोपं निघतात. कोकोपीटमध्ये ६ उगवली, पिवळी आहेत.

सर, तिसऱ्या पानाचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. टाचणीच्या डोक्याएवढं पान, त्यावर सात-आठ केस, प्रत्येकावर थेंब. सकाळच्या उन्हात सगळ्या डब्यावर साखर सांडल्यासारखं दिसतं.

खारपाणपट्टा | ३० डिसेंबर, दुपारी १२:४०

ताई, पोराले फोटो दाखवला. बराच वेळ पाहत रायला. म्हने, हे खरं हाय ना? हो म्हटलं, हे एका ताईनं सोता उगवलं.

बोडीकाठची | १८ जानेवारी, रात्री १०:२०

आज लिहायला मन होत नाही, पण या धाग्यावर चांगलं लिहिलं तसं वाईटही लिहायला हवं. परवा आम्ही लग्नाला गेलो होतो, दोन दिवस. मामाजी (माझे सासरे) घरी होते. त्यांना रोपं फार बारीक आणि कमजोर वाटली. नातीचं पीक वाढावं म्हणून त्यांनी चिमूटभर युरिया पीटच्या डब्याच्या ताटलीत विरघळवला. परत आलो तेव्हा पानांवर एकही थेंब नव्हता. आज कडा काळ्या पडल्या. ४१ पैकी आत्ता ९ हिरवी दिसतात. मी डबा चार वेळा आरओच्या पाण्याने वरून खालपर्यंत धुतला.

मामाजी काही बोलत नाहीत, जेवलेही थोडंच. त्यांनी आयुष्यभर धान पिकवला आहे, पिवळं दिसलं की युरिया द्यायचा हेच हाताला माहीत. त्यांचा दोष नाही. मीच जाताना सांगून जायला हवं होतं.

गेंदफूल | १९ जानेवारी, सकाळी ६:३०

ताई, धुतलंत ते बरोबर केलंत, आता दुसरं काही करू नका. नऊ उरली तरी बी पुष्कळ होईल, एका झाडाला अनेक बोंडं येतात आणि प्रत्येकात बरंच बी असतं. फूल एकटं असलं तरी चालतं, ते मिटताना स्वतःच्याच परागाने फळतं.

मामाजींना एक गोष्ट सांगा. चार्ल्स डार्विनने या झाडांवर कित्येक वर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे त्याचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ मध्ये दाखवलं की ज्या दवबिंदूंना खायला दिलं त्यांना न दिलेल्यांपेक्षा जास्त बी आलं. म्हणजे झाडाला नत्र हवंच असतं, हे मामाजींनी बरोबर ओळखलं. ते फक्त पानातून द्यायचं, मुळातून नाही.

बोडीकाठची | २ फेब्रुवारी, रात्री ८:००

सर, तुमचा निरोप मी मामाजींना जसाच्या तसा वाचून दाखवला. पुन्हा वाच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सायंकाळी अंगणातल्या दिव्याखालची मेलेली चिलटं कागदावर गोळा करतात आणि नातीला बोलावतात. ती सुईच्या टोकाने एका पानावर एक ठेवते. मेलेलं चिलट असलं तर पान नीट वळत नाही, म्हणून ती सुईने हलकेच दोन-तीनदा हलवते. बर्मानीचे कडेचे लांब केस फार चपळ आहेत. काल मोजलं, दहा आकडे मोजून व्हायच्या आत केस आत वळले होते.

नऊच्या नऊ जगली आहेत. पाळीच्या मातीतली १३ पण आहेत, ती छोटी आहेत पण जास्त लाल.

रानवेडी | ३ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

बोडीत पिवळी फुलं येतात पाण्यावर, पानं नसल्यासारखी, ती पण किडे खातात असं ऐकलं. खरं का?

गेंदफूल | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४५

खरं आहे, ती युट्रिक्युलारिया. पाण्याखाली तिच्या धाग्यांना बारीक फुगे असतात. फुग्याच्या दाराशी कीटक आला की दार उघडून पाण्यासकट आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागात. तिच्याच जमिनीवर वाढणाऱ्या निळ्या-जांभळ्या बहिणींना सीतेची आसवं म्हणतात. तिच्यासाठी वेगळा धागा काढू, इथे दवबिंदूचंच चालू राहू द्या.

बोडीकाठची | २४ मार्च, रात्री ९:३०

दांड्या आल्या, फुलं आली. सकाळी उमलतात, दुपारी बघायला गेलं तर मिटलेली. ऊन आता सोसवत नाही म्हणून डब्यांवर हिरवी नेट बांधली आहे, ताटलीत पाणी दोन वेळा घालते. चिलटं खाल्लेल्या पीटच्या झाडांना दर दांडीला आठ-दहा बोंडं, पाळीच्या मातीतल्यांना तीन-चार. सगळीच खायला दिलेली नव्हती, आणि माती वेगळी, म्हणून यातून काही ठरवत नाही. पण मामाजींचं ठरलं आहे.

पहिली बोंडं पिकली. खारपाण भाऊ, तुमचा पत्ता मला खासगी निरोपात कळवा. पुडी पाठवते.

खारपाणपट्टा | २५ मार्च, सकाळी ७:१०

ताई, काय बोलू. पाठवला पत्ता. पोराले सांगत नाही अजून, हाती आल्यावरच दाखवतो. आत्ता पेरत नाही, आमच्याकडं ४२ हाय. पानी पडल्यावर.

कुंडीतलं रान | २५ मार्च, रात्री ८:३०

भाऊ, तोवर पुडी कोरडी ठेवा, डबीत घालून फ्रिजच्या दारात. ड्रमला वर सुती कापड बांधायला विसरू नका.

ताई, झाडं वाळली की डबे फेकू नका. विशेषतः पाळीच्या मातीचा. तसाच सावलीत कोरडा राहू द्या.

बोडीकाठची | १४ जुलै, रात्री ८:४०

तुम्ही सांगितलंत तसं केलं. एप्रिलअखेर सगळी झाडं करपली. पाळीच्या मातीचा डबा गोठ्याच्या भिंतीशी ठेवून दिला, पूर्ण मे महिना त्यात पाण्याचा थेंब नाही. माती आकसून डब्याच्या कडेपासून सुटली होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला तेव्हा उघड्यावर ठेवला. रोवणीच्या घाईत कोणी पाहिलं नाही. आज चिखलाचे पाय धुवायला नळाशी गेले आणि सहज डब्याकडे नजर गेली. मोजता येणार नाहीत एवढी उगवली आहेत. काही रोपांना तिसरं पानही आहे, पावसाने धुतलेलं आणि तरी चिकट.

आणखी एक. दरवर्षी पाळीवर आणि बांधांवर तणनाशक मारतो. या वर्षी मामाजींनी पाळीखालचा झिरप्याचा तुकडा, साधारण दहा हात लांब, चार खुंट्या ठोकून वेगळा केला. फवारणीच्या दिवशी तिथे स्वतः उभे राहिले.

गेंदफूल | १४ जुलै, रात्री १०:०५

त्यांना माझा नमस्कार सांगा, ताई. ऑक्टोबरात प्रकृती बरी असली तर तो तुकडा पाहायला यायचं आहे.

बोडीकाठची | १५ जुलै, सकाळी ५:५०

या सर, हक्काने या. मुक्कामानेच या.

खारपाणपट्टा | २३ ऑगस्ट, रात्री १०:४५

ताई, ड्रमातलं पानी मीटरनं १२ दाखवते. सहा जुलैले पेरलं, सतराव्या दिवशी उगवलं, २८ रोपं हायेत. पोरानं डब्यावर चिठ्ठी लावली, 'युरिया टाकू नये'. आज लाईटाखाली डबा ठेवून बसलो होतो त एक चिलट उडत आलं अन् सगळ्यात मोठ्या रोपाच्या पानावर बसलं. उडाले गेलं, एक पाय सुटला, दुसरा नाही. पोरगं अजून डब्यापाशीच बसून हाय, झोपाले ये म्हटलं तरी येत नाही.